रोनित, मूळ हिब्रू, मुक्काम कोल्हापूर

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात वर्गात आपल्याच नावाचे आणखी तिघे असू नयेत, एवढीच सुशिक्षित आईबापांची माफक अपेक्षा असते.

शिवप्रसादनं हे सोसलं होतं. शाळेत त्याच्या वर्गात शिवांची रांगच होती, आणि कुठल्याही शिवानं खोडी काढली तरी मास्तरांची छडी ह्याच्याच हातावर पडायची. आता तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता (तारे वसाहतीला आहेत, तिथल्या चहाला नाहीत). २००३ साली मुलगा झाला, तेव्हा त्यानं निश्चय केला: पोराचं नाव अख्ख्या कोल्हापुरात एकट्याचं असेल.

राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत त्याला ते सापडलं. रोनित. मूळ हिब्रू, अर्थ आनंदाचं गाणं. पुढचं पान उघडायच्या आत वेळ संपली. (तिकडं हे नाव मुलींचं असतं, असं त्या पानावर होतं, पण जे पान उघडलंच नाही, त्याची जबाबदारी बापावर कशी टाकावी?)

शेजारचे माधव सर म्हणाले, नाव मुळात संस्कृतच. जगातल्या कुठल्याही शब्दाचं मूळ संस्कृतात सापडतं, शोधणारा फक्त निवृत्त हवा. मग इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्न आला. पत्नी सुष्मिताला दोन ई हवे होते, मेहुण्याला दोन एन, अंकशास्त्रवाल्याला शेवटी एक एच. दाखल्यावर कारकुनानं स्वतःचंच चौथं लिहिलं, आणि शिक्का त्यावर बसल्यामुळं तेच शुद्ध ठरलं.

राहिली आक्का. शिवप्रसादची थोरली बहीण हिराबाई मुरगूडहून चांदीचा करदोटा घेऊन आली होती. त्यांचे वडील पंचाक्षरी त्याच वर्षी गेले होते. नातवाच्या रूपानं आप्पांचं नाव पुन्हा घरात ऐकू यावं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

"आप्पांचं नाव ठेव की रं."

"आक्का, रोनित म्हंजी आनंद."

"कुणाच्या भाषेत?"

"हिब्रू. तिकडं इस्रायलात बोलत्यात."

"मग हाक मारायला तिकडनं माणसं येणार हाईत व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर नव्हतं.

पण बारशात नाव कानात सांगायचा मान आत्याचा. हिराबाई पाळण्यावर वाकली, कुर्र केलं आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत असे धपाटे घातले, की ती काय बोलली ते कुणालाच कळलं नाही.

"काय सांगितलंस?" शिवप्रसादनं विचारलं.

"ज्याच्या कानात सांगितलं, त्येला इचार."

तो विचारण्याजोगा होईपर्यंत पहिलीत गेला. वर्गात चार रोनित निघाले. प्रत्येकाच्या बापानं अभ्यास केला होता आणि प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं होतं. पण हजेरी तोंडानं घेतात, त्यामुळं चौघेही एकदम "हजर" म्हणायचे. एकानं शाई सांडली की चौघांना उभं राहावं लागे. शेवटी मैथिलीबाईंनी पालकांसमोरच एकेकाला विचारलं, "घरी काय म्हणतात रे तुला?"

"पंचाक्षरी," शिवप्रसादचा रोनित ठणकावून म्हणाला. "आत्या म्हणती की."

या नावाचं पोर वर्गात नव्हतं, शाळेत नव्हतं, बाईंच्या अख्ख्या नोकरीत आलं नव्हतं. शिवप्रसादला आप्पा आठवले आणि डोळे पुसावे लागले. मग तो सावरला. बाहेर एका पालकानं कौतुकानं विचारलं, "युनिक नाव हाय. मूळ कुठलं?"

"मुरगूड," तो म्हणाला. "लई शोधावं लागलं."

वाचकहो, तुम्ही हसलात, ते योग्यच. आता तुम्हीही खिडकीत उभं राहून खाली खेळणाऱ्या आपल्या मुलाला पुस्तकं चाळून ठेवलेल्या त्या नावानं हाक मारून पाहा. तो मान वळवणार नाही. मग "ए बबड्या" म्हणा. तो धावत येईल, आणि त्याच्यासोबत आणखी तिघे येतील.