बंबवाले मारोतरावांची वाट

परभणीतील आमच्या गल्लीत माणसे भेटली की प्रकृतीची विचारपूस करतात. मारोतराव मात्र मान वर करून समोरच्याच्या गच्चीकडे पाहतात आणि विचारतात, “वाट हाय का?” आगीच्या बंबावर त्यांनी उभे आयुष्य वेचले. निवृत्तीनंतर बंब सुटला, आगीची चिंता सुटली नाही. सत्यनारायणाला आले तरी तीर्थ घेण्याआधी ते मागचे दार उघडते का, ते पाहून येतात.

गल्लीतल्या गच्च्यांवर सोलर पॅनल बसू लागले, तेव्हा त्यांच्या व्रताला नवे क्षेत्र लाभले. आग लागलीच तर बंबाच्या जवानांना जायला वाट आहे का, हे पाहण्याची त्यांची परीक्षाही विलक्षण. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या बादल्या घेऊन ते पॅनलच्या कडेने चालत. थेंब सांडला की गच्ची नापास!

आमच्याकडे पॅनल आले ते माझ्या सहधर्मचारिणीसाठी. पक्षाघाताने ती अंथरुणास खिळलेली. वीज गेली की पंखा थांबे आणि तिचा जीव कासावीस होई. म्हणून तसूभरही गच्ची रिकामी ठेवायची नाही, असा माझा निश्चय. मुहूर्तावर नारळ हाती घेतला, तोच जिन्यातून बादल्या वर आल्या.

“गुरुजी, वाट सोडा. न्हाईतर वाट लागंल.”

शुभसमयी असे अभद्र वचन! जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मला त्यातला श्लेष उमगला नाही; शापच वाटला.

“मारोतराव, नारळ फुटेपर्यंत तरी जिभेला आवर घाला.”

“जिभेला घालतो. आगीला कोन घालनार?”

पॅनल बसवणारा कारागीर हसला. “काका, नियमात हाय, पन एवढी जागा कोन सोडायलाय?”

“आग काय नियम वाचून येती का, बाबा? उनात खालचा खटका पाडला तरी वर करंट ऱ्हातोय. त्या कोपऱ्यातल्या खटक्याकडं आमच्या पोरांनी जायचं कसं? उडत?”

खालून पत्नीचे अडखळते शब्द आले, “भावजी... म्हणतात... तसं करा.”

दोन पॅनल परत गेले. मी आठवडाभर मारोतरावांशी अबोला धरला.

वैशाखातल्या एका दुपारी गच्चीवरच्या तारांच्या जोडातून धूर निघाला. मी पाण्याची कळशी घेऊन जिन्याकडे धावलो.

“पानी न्हाई, गुरुजी! वहिनीला धरा!” मारोतराव केव्हा आत शिरले, कळलेच नाही. चादरीची झोळी करून आम्ही दोघांनी तिला समोरच्या ओट्यावर आणले. तोवर बंब आला. जवान सोडलेल्या वाटेने थेट कोपऱ्यात पोहोचले, खटका पाडला, कोरडी पावडर मारली. चार पॅनल जळाले; तिची खोली वाचली.

दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. शाल त्यांनी घेतली नाही. म्हणाले, “गुरुजी, जळत्या घरात शिरताना आमी वरडायचो, ‘आत कोन हाय?’ आतून आवाज आला की लय बरं वाटायचं. आता सवयीनं सोताच्या घराचं कुलूप काढतानाबी वरडतो. ही गेल्यापासून...”

ईश्वराने आम्हांस असा शेजार दिला, त्याचे ऋण मानतो. हल्ली रोज दुपारी आमचे दार वाजते. “आत कोन हाय?” मी उत्तरासाठी तोंड उघडले, तर पत्नी हाताने थांबवते. जीभ वळायला तिला वेळ लागतो. दाराबाहेर मारोतराव तितका वेळ उभे असतात.

“या... भावजी. आम्ही... आहोत.”