ग्लेनिसच्या पत्रातला समुद्र

ग्लेनिसच्या न्यूजलेटरला त्रेचाळीस वाचक होते आणि त्यातले बेचाळीस जण स्वतःच न्यूजलेटर लिहीत होते. हा शोध तिच्या नवऱ्याने, म्हणजे नेव्हिलने, न्याहारीच्या टेबलावर टोस्टला लोणी फासता फासता लावला. निवृत्त झाल्यापासून त्याला घरात मोजण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "तू त्यांचं वाचतेस, ते तुझं वाचतात. सगळे दुकानदार. गिऱ्हाईक कुणीच नाही."

"ती दुकानदारी नाहीये, नेव्हिल. आमचा ग्रुप आहे तो. आधार असतो एकमेकांना."

"असू दे की. मी फक्त मोजलं."

बायकोच्या वर्मावर बोट ठेवून वर "मी फक्त मोजलं" म्हणणारे नवरे जगात सगळीकडे असतात, तसे टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या टर्नबुल बे गावातही होते. ग्लेनिसने टोस्ट अर्धवट टाकला आणि ती लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.

शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी संपल्यावर तिने 'आहे तश्शी' नावाचं हे पत्र सुरू केलं होतं. रोज एक पत्र, लहानसंच. आणि 'ऊब' नावाच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. ग्रुप चालवणारी फिलिपा अ‍ॅडलेडजवळच्या टेकड्यांत राहायची आणि तिचा दंडक साधा होता. आतलं खरं लिहा, आणि दुसऱ्याच्या लिखाणात खोट काढू नका. ग्रुपातल्या एका गृहस्थांनी तीन आठवडे स्वतःच्या गुडघ्यावर लिहिलं, तेव्हाही सगळ्यांनी रोज त्याखाली "मनाला भिडलं" असंच लिहिलं होतं.

पत्र पहाटे पाचला पोहोचलं तर ते जास्त खरं वाटतं, हेही फिलिपानेच शिकवलेलं. ग्लेनिस आठच्या आत उठत नसे. मग ती आदल्या दुपारी चहाबरोबरच पत्र लिहून ठेवी आणि ते पहाटे पाचला आपोआप निघून जाई. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली, "आत्ता माझ्या खिडकीतून समुद्र दिसतोय..." खिडकीतून समुद्र दिसायचा हे खरं. नदी जिथे समुद्राला मिळते ते मुख बरोबर तिच्या घराखालीच होतं. पण तो कसा दिसायचा ते ग्लेनिसच्या मर्जीवर होतं. नेव्हिलवर ती खूश असली की पाणी निळंशार आणि गुळगुळीत. नेव्हिलने ओला टॉवेल पलंगावर टाकला की लाटा खडकांवर कपाळ आपटून घ्यायच्या.

आणि आता हा त्रेचाळिसावा. नाव नाही, फोटो नाही. आलेलं पत्र रोज पाच वाजून गेले की लगेच उघडणारा. बदामाची खूण नाही, एक अक्षर नाही. पण एक दिवस म्हणून चुकलेला नाही.

गुरुवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतले चेहरे कॅमेऱ्याजवळ सरकले.

"लेखक नाही?" फिलिपाने खात्री करून घेतली. "नुसताच वाचतो?"

"हो."

"नुसताच वाचणारा," गुडघेवाले गृहस्थ म्हणाले. "मी अजून एकही बघितला नाही."

त्यांच्या आवाजात आधारापेक्षा असूया जरा जास्त होती. पण ग्रुपचा दंडक आठवून त्यांनी लगेच "तुझ्यासाठी फार आनंद वाटतो" असंही जोडलं. मग त्या वाचकाला धरून कसं ठेवायचं यावर तासभर खल झाला. शेवटी फिलिपाने निकाल दिला. "अजून मोकळी हो, ग्लेनिस. काही राखून ठेवू नकोस. आत वादळ असेल तर कागदावर वादळ येऊ दे."

योग असा की दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ग्लेनिस दातांच्या डॉक्टरकडे गेली असताना नेव्हिलने तिच्या आईचा कोच चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानाला देऊन टाकला.

"स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या त्याच्या," तो म्हणाला. "बसलं की टोचायच्या."

"तुला कुणी बसायला सांगितलं होतं?"

"कोचावर बसायचं नाही तर काय करायचं?"

यावर ग्लेनिसने त्याच्याशी बोलणंच सोडलं. जे बोलायचं ते ती पत्रात लिहू लागली. कोचाची सगळी कथा तिने दिवसादिवसाने, नावानिशी लिहिली. आणि समुद्र तर असा पेटला की विचारू नका. शनिवारी "लाटा मुखाशी फुटून आकाशाला भिडताहेत." रविवारी "वाळूवर पाणी नुसतं उकळतंय." सोमवारी दर्याने किनारा गिळायला काढला. मंगळवारीही त्याचं पोट भरलेलं नव्हतं. ग्रुपचे बेचाळीस जण खाली बदाम ओतत होते आणि त्रेचाळिसावा रोज पहाटे इमानाने उघडत होता. बाहेर मात्र त्या आठवड्यात वाऱ्याची झुळूक नव्हती. लोक पोहून पोहून लाल झाले होते.

बुधवारी दुपारी नेव्हिल फेरफटका मारून आला आणि अबोला विसरून बोलला.

"वॉरिक टिली आजारी आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतंय. शनिवारपासून त्याची बोट धक्क्यालाच आहे. ऐन शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या दिवसांत. समुद्र बघ कसा पडलाय, बशीत ओतून ठेवल्यासारखा, आणि हा माणूस घरात. त्याचं बघून बाकीच्या दोन बोटीही थांबल्यात. पबमध्ये आज शेवंडी नाही. कुणी म्हणतं हृदयाचं काहीतरी आहे."

टर्नबुल बेमध्ये कुणाला काही झालं की लोक विचारपूस करत नाहीत, ओव्हनमध्ये शिजवलेल्या कॅसरोलचं पातेलं नेऊन देतात. ग्लेनिसनेही कोंबडीचं कॅसरोल केलं आणि टेकडीपलीकडे वॉरिकच्या घरी गेली. दार वॉरिकनेच उघडलं. माणूस चांगला धडधाकट होता, फक्त वैतागलेला.

"आणखी एक," तो पातेल्याकडे बघून म्हणाला. "ठेव तिकडे. नववं आहे. ही काय साथ आलीय कॅसरोलांची?"

"तू आजारी आहेस ना?"

"मी कशाला आजारी? पाच दिवस घरात अडकून पडलोय, बायकोची बहीण राहायला आलीय, तिच्याबरोबर. आज ना उद्या आजारी पडेन."

"मग जात का नाहीस बोटीवर?"

वॉरिकने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिनेच त्याला कोंडून ठेवलं होतं.

"तूच विचारतेस होय? असल्या समुद्रात?" त्याने खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं, "'वाळूवर पाणी नुसतं उकळतंय.' बाहेरून बघितलं तर सगळं शांत. पण आमचं मुख कसलं लबाड आहे ते ठाऊक आहे मला. आत पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर लाट फुटत असली तर बोट उलटते, आणि धक्क्यावरून काही कळत नाही. ते दिसतं फक्त तुझ्या खिडकीतून."

ग्लेनिस खाली बसली. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ शिरल्या. पहिली, की तिचा वाचक सापडला. क्षणभर तिला इतका आनंद झाला की वॉरिकला मिठी मारावीशी वाटली. दुसरी गोष्ट मागून आली आणि पहिलीच्या उरावर बसली.

"वॉरिक, तुला हे पत्र मिळालं कुठून?"

"गळाच्या दुकानात तूच चिठ्ठी चिकटवली होतीस की. 'रोज पहाटे, खिडकीतून, खरं खरं.' म्हटलं झकास. सरकारी अंदाज सगळ्या किनाऱ्याचा असतो, आपल्या मुखाचं कोण सांगतं? मधून मधून चुकायचीस तू, पण मला वाटायचं, वारा फिरला असेल."

"तो वारा नव्हता," ग्लेनिस म्हणाली. तिचे कान तापले होते. "समुद्र तसा नव्हताच. मी होते तशी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रागावले होते. म्हणून समुद्र खवळला. मी पहाटे उठतच नाही, वॉरिक. आदल्या दुपारी लिहून ठेवते."

वॉरिकने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आतल्या खोलीतून मेहुणीने त्याला पडदे लावायला बोलावलं. तो जागचा हलला नाही.

"आणि समुद्र छान आहे असं लिहितेस," त्याने सावकाश विचारलं, "तेव्हा?"

एवढे महिने त्या माणसाचं काही बरंवाईट झालं नव्हतं ते निव्वळ नशिबाने, हे दोघांनाही कळलं होतं. तिला रडू फुटलं. वॉरिक दारापर्यंत तिला सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस आयुष्यात पहिल्यांदा पहाटे पाचच्या आत उठली, गाऊनवर कोट चढवून खिडकीशी उभी राहिली आणि दुर्बीण लावून दिसलं तेवढंच लिहिलं. "मुख शांत. वाळूवर लाट फुटत नाही. वारा पश्चिमेचा, हलका." कोच नाही, मन नाही, काही नाही. आठवडाभर तिने हेच केलं. आपल्या शब्दांची तिला लाज वाटत होती. ज्याला हवामान हवं त्याला हवामान द्यावं आणि गप्प बसावं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

ग्रुपला ही पत्रं फारच आवडली. "काय हा संयम," फिलिपाने लिहिलं. गुडघेवाल्या गृहस्थांनी लिहिलं की 'पश्चिमेचा, हलका' वाचून त्यांना वडिलांची आठवण आली. ग्लेनिसने मीटिंगला जाणं बंद केलं.

आठवडा सरता सरता वॉरिक स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंड होती. ती त्याने मोरीत ठेवली. नेव्हिल टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होता.

"बाकीचं कुठंय?" वॉरिकने विचारलं.

"बाकीचं काय? वारा लिहिला, मुख लिहिलं. भरती हवी का?"

"भरती नको. कोच आला का परत?"

"तू ते वाचायचास?"

"समुद्र बघायला दोन ओळी लागतात. पिंजरे टाकल्यावर ते वर ओढेपर्यंत बसून काय करायचं? मी वाचतो आणि बाकीचे आपापल्या बोटीतल्या रेडिओवर ऐकतात. आठवडा झाला, तिकडे सगळे माझ्या जिवावर उठलेत. पुढे काय झालं, पुढे काय झालं. दुसऱ्या बोटीवरचा रॉडनी तर म्हणतो, मीच वाचायचं गाळतोय."

ग्लेनिसने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"मला वाटलं, तुला फक्त समुद्र हवाय."

"हवाच आहे. आणि खरा हवाय," वॉरिक म्हणाला. "पण काय सांगू, आम्ही सगळे उलटंच धरून चाललो होतो. म्हटलं, समुद्र तेवढा खरा, नवरा तू मनाने रचलायस. असला माणूस खऱ्यात कुठे असतो?"

नेव्हिलने पेन्सिल हळूच खाली ठेवली.

"हा रेडिओ," त्याने विचारलं, "किती जणांना ऐकू जातो?"

"आपल्या तीन बोटी," वॉरिक म्हणाला. "म्हणजे वारा असला तर. समुद्र शांत असला की पार पुढच्या दोन बंदरांपर्यंत जातो. तिकडचे पण विचारत होते."

नेव्हिल काहीतरी पुटपुटत उठला, खुंटीवरून गाडीची किल्ली घेतली आणि कोचाची चौकशी करायला चर्चच्या दुकानाकडे निघाला. ग्लेनिसने डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि त्याच्या मागोमाग पायरीपर्यंत गेली.

"सावकाश ये," ती म्हणाली. "आणि जाताना काय म्हणालास ते एकदा नीट सांगून जा. मला लिहून घ्यायचंय."