फौजीकाकांचा अडकलेला सॅल्यूट

कॉलनीच्या फाटकाशी झेंडा लावायचा हट्ट फौजीकाकांचा. सैन्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी पायजम्यालाही कडक इस्त्री! पहिल्या दिवशी सकाळी झेंड्यापाशी तिघंच हजर. काका, वॉचमन आणि दूधवाला. तोही वाट अडल्यामुळे.

"येतील हो माणसं," काकू म्हणाल्या. "तुम्ही आधी ती शिट्टी खिशात ठेवा."

घोटाळा संध्याकाळी झाला. सूर्य मावळायच्या आत झेंडा सन्मानानं खाली आलाच पाहिजे, हा काकांचा नियम. त्यांनी सॅल्यूट ठोकला, वॉचमननं दोरी ओढली. झेंडा जागचा हलेना. कॉलनीच्या सेक्रेटरींनी आणलेली जाडजूड दोरी वर चाकात रुतून बसली होती.

"काका, हात खाली घ्या. इलेक्ट्रिशियनला बोलावतो," वॉचमन म्हणाला.

"आधी झेंडा खाली, मग हात!"

इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला. पाहतो तर पंचाहत्तरीचा म्हातारा दगडासारखा उभा. त्याचेही पाय आपोआप जुळले. शिडी खांद्यावरच राहिली. "अरे, चढ की!" असं ओरडत सेक्रेटरी आले आणि काकांचा कपाळाला भिडलेला हात बघून तेही ताठ झाले. भाजीच्या पिशव्या थांबल्या, स्कूटर थांबल्या. शेवटी वॉचमननं बोलावलेला अग्निशमन दलाचा बंब आला. आठ जवानांनी खाली उड्या मारल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला!

रस्त्यावर दोनशे माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. थांबत नव्हता तो फक्त सूर्य. तो पाण्याच्या टाकीमागे गेलासुद्धा.

"चढ ना रे बाबा," सेक्रेटरी ओठ न हलवता पुटपुटले.

"आधी तुम्ही हला, साहेब. मला एकट्याला लाज वाटते."

काकांचे डोळे भरून आले. पहिल्याच दिवशी नियम मोडणार होता.

तेवढ्यात गॅलरीतून काकूंचा आवाज कडाडला, "विश्राम!"

चारशे पाय एकदम फाकले. त्यात काकांचेही दोन.

"आणि शिडीवाल्या, तू चढ!"

तो सरसर चढला, दोरी सुटली. झेंडा उतरला तेव्हा टाकीमागे उन्हाची एक रेघ शिल्लक होती. झेंड्याचं टोकसुद्धा जमिनीला लागू नये म्हणून खाली पन्नास हात पसरले होते. घडी सेक्रेटरींनी आणि इलेक्ट्रिशियननं घातली, काकांच्या हुकमानुसार, चौथ्या खेपेला बरोबर.

"आता तरी हात खाली घ्या!" काकू खाली येऊन म्हणाल्या.

"घेतोय गं. येत नाहीये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उजवा हात गळ्यात बांधून, मान खाली घालून फाटकाशी आले. आता सॅल्यूट कसा करणार? मान वर केली, तर समोर सगळी कॉलनी रांगेत उभी. झेंडा वर गेला, फडकला आणि दोनशे हात कपाळाला भिडले.

त्यातले निम्मे डावे होते.

काकांचा चांगला हात शिट्टीसाठी खिशात गेला. तिथेच राहिला.