टेबलाचा मालक

"बसा की विहीणबाई," कस्तुराबाई म्हणाल्या.

"बसते की. घाई कसली?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. बलभीम लोहाऱ्याहून आईला घेऊन तामलवाडीला सासुरवाडीत आला होता, तो बायकोला आणि पहिल्या लेकाला घरी न्यायला. बाळंतीण न्यायला घरची वडीलधारी बाई गेली पाहिजे, हा रिवाज. म्हणून द्वारकाबाई वाटेत मुक्काम करत बैलगाडीनं आल्या होत्या. गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसण्यात त्यांना अडचण नव्हती. अडचण भुईची होती. माघापासून त्यांची कंबर खाली जाताना नीट जायची, पण वर येताना यायचीच नाही. ही गोष्ट बलभीम सोडून कुणाला ठाऊक नव्हती, आणि तामलवाडीत ती कुणाला कळू नये म्हणून द्वारकाबाईंनी चहा खांबाला टेकून घेतला होता आणि भाकरी अंगणात येरझाऱ्या घालत खाल्ली होती.

कस्तुराबाई मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. दुपारी त्यांनी नातवाला आणलं आणि विहिणीपुढं धरलं.

"घ्या. पाय पसरून बसा अन् घ्या पायावर. तुमच्याच हातानं लंगोट बदला आज गोरोबाचा."

द्वारकाबाईंनी नातवाला उभ्यानंच छातीशी धरलं.

"कळलं मला," कस्तुराबाई म्हणाल्या. "कंबर गेलीया तुमची. मग तिकडं पोराला न्हाऊ कोण घालणार? दिवसातनं दहादा धडुतं कोण बदलणार? माझी लेक अजून ओली बाळंतीण हाय. तिला वाकू द्यायची न्हाय मला. पोर बसायला लागू द्या, मग घिऊन जावा."

आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सत्यभामेनं नवऱ्याकडं पाहिलं. तिची बोचकी पहाटेपासून बांधून तयार होती. बलभीमनं बायकोला पाहिलं त्याला चार महिने होत आले होते. लोहाऱ्याला आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकाला लुगडं दाखवताना तो मधेच ते खांद्यावर घेऊन थोपटू लागायचा, अशी तिथं चर्चा होती. आता रिकाम्या गाडीनं परत जायचं म्हणजे संपलंच. तो बोलून गेला, "आपण टेबल करू."

"काय करू?" दोघी विहिणी पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या.

मग त्यानं समजावून सांगितलं. आईच्या कंबरेच्या औषधासाठी तो सोलापूरला एका दवाखान्यात गेला होता. तिथं त्यानं पाहिलं होतं, नर्सबाई कंबरेइतक्या उंच टेबलावर पोरं ठेवायच्या आणि उभ्याउभ्या लंगोट बदलायच्या. वाकायचं नाही, बसायचं नाही.

"टेबल?" कस्तुराबाई म्हणाल्या. "माझा नातू कारकून हाय व्हय?"

"माझ्या पायावर चार लेकरं वाढली," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता मी मेजावर पोर मांडू? दुकानात कापड मांडल्यागत?"

"आई, मग बस खाली."

द्वारकाबाई तुळशीकडं बघू लागल्या.

बराच वेळ वाद झाला. टेबलावरनं पोर पडेल, तर त्याला चारी बाजूंनी पट्टी मारू. गार लाकडानं पोटात वारं धरेल, तर वर गोधडी घालू. शेवटी कस्तुराबाईंनी निकाल दिला, "आणा टेबल. टेबल दारात, लेक गाडीत. टेबल न्हाय, तर लेकबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी बलभीम गाडी जुंपून सोलापूरला गेला. तिथल्या सुतारानं बाळाचं टेबल कधी ऐकलं नव्हतं. उंची किती, तर आईच्या कंबरेइतकी. लांबी किती, हे बलभीमनं सांगितलंच नाही. सुतार अनुभवी होता. "पोर वाढणारंच," असं म्हणून त्यानं दोन दिवसांत एक धट्टाकट्टा माणूस आडवा मावेल असं सागवानी टेबल ठोकलं, चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या. ते गाडीवर चढवायला चार हमाल लागले.

आता सोलापूर इंग्रजाच्या मुलखात आणि तामलवाडी निजामाच्या. मधे सरहद्द आणि सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. येणाऱ्या मालावर तिथं जकात बसायची. नाका म्हणजे एक पत्र्याची खोली, एक आडवा बांबू, बांबू वर-खाली करणारा शिपाई नबीलाल आणि नाकेदार जलीलसाहेब. जलीलसाहेब हैदराबादचे. कुणाचा विडा घेत नसत, कुणाचं ऐकत नसत आणि कायदा तोंडपाठ होता. असा माणूस सरहद्दीवर सगळ्यांना जड जातो.

"ये क्या है जी?" सकाळी गाडी नाक्यावर आली, तशी त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली.

"बाळाचं टेबल हाय, साहेब."

"बच्चा इसपर पढाई करता?"

"न्हाय जी. दोन महिन्यांचा हाय. त्याचा लंगोट बदलायचा ह्याच्यावर."

जलीलसाहेबांनी टेबलाची लांबी पाहिली, मग बलभीमची. "कितना बडा बच्चा है?"

बलभीमनं दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते टेबलाच्या एका कोपऱ्यात मावलं. नबीलाल म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर तर माझं आख्खं खटलं झोपंल, पोराबाळांसकट."

जलीलसाहेबांनी कायदा सांगितला. विकायचा नवा माल असेल, तर तो अडकवून वरच्या हुकमाची वाट बघायची. मालक सोबत असेल आणि वस्तू त्याच्या वापरातली असेल, तर ती मोकळी. "मेज का मालिक कौन?"

"मीच की."

"तुम इसपर लंगोट बदलते?"

"न्हाय जी."

"फिर तुम मालिक नहीं. मालिक वो, जो वापरता. मालिक को हाजिर करो."

बलभीमनं हात जोडले, गळ घातली. उपयोग झाला नाही. शेवटी नबीलाल गावात गेला आणि कस्तुराबाईंच्या दारात उभा राहून त्यानं पुकारा केला, "गोरोबा बलभीम, राहणार लोहारा, नाक्यावर हजर व्हा!" सत्यभामेनं गोरोबाला दुपट्यात गुंडाळलं. मागं दोन्ही आज्या निघाल्या. त्यांच्या मागं निम्मी तामलवाडी निघाली, कारण पाळण्यातल्या पोराला सरकारनं बोलावल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

टेबल गाडीतून उतरवून नाक्यापुढच्या लिंबाखाली मांडलं. गोरोबाला वर ठेवलं. जलीलसाहेब खुर्ची ओढून समोर बसले.

"बदलो."

द्वारकाबाईंनी दुपट्यात हात घातला. "कोरडा हाय."

"कोरडा है तो बदलना कायकू? गीला होने दो."

सगळे वाट बघू लागले. सत्यभामेनं आडोशाला जाऊन पोराला दूध पाजलं. कस्तुराबाईंनी कानाशी "शू... शू..." केलं. नबीलालनं घागरीतून बादलीत धार धरली. त्या आवाजानं गर्दीतले दोन म्हातारे उठून बांधाआड गेले, गोरोबा मात्र टक लावून लिंबाच्या पानांकडं बघत राहिला. घरी दर घटकेला दुपटी भिजवणारं हे पोर सरकारपुढं एकदम शिस्तीत वागू लागलं होतं. मागं कांद्याच्या गाड्या खोळंबल्या. गाडीवान ओरडू लागले, "मुतलं का वो?"

"न्हाय अजून!" नबीलाल पुढून ओरडायचा.

जलीलसाहेबांचा संशय वाढत चालला. त्यांनी नबीलालला खोलीमागच्या आपल्या घरी बीबींचं मत विचारायला पाठवलं. तो पडद्याआडून जबाब घेऊन आला. "शरिफाबी म्हनत्यात, सात लेकरं पायांवर वाढवली. असलं मेज ना ऐकलं, ना देखलं. अल्लानं बाईला पाय काय नुसतं चालायला दिलेत?"

"बघा!" द्वारकाबाई अभावितपणे बोलून गेल्या. बलभीमनं त्यांच्याकडं डोळे वटारले. आपल्याच बाजूचा साक्षीदार फुटतोय, हे त्याला दिसत होतं.

ऊन चढलं. जलीलसाहेबांना समोरचं जवळजवळ रिकामं टेबल बघवेना. नाक्याचं काम ते मांडीवर फळी घेऊन करत. गोरोबा झोपेला आला म्हणून आईनं उचलला, तशी त्यांनी दौत टेबलावर ठेवली. मग शिक्का आला, मग पावत्यांचे गठ्ठे, मग चहाची किटली, मग नबीलालचं पागोटं. कांद्याच्या गाड्या भराभर सुटू लागल्या. "अच्छा मेज है," जलीलसाहेब म्हणाले, तसा बलभीम टेबलाची पट्टी धरून उभा राहिला.

नेमकं तेव्हाच सत्यभामा ओरडली, "अगं बाई! केलं, केलं!"

नुसतं ओलं नव्हतं. गोरोबानं सकाळपासूनचा सगळा हिशेब एकदम चुकता केला होता. एकच धावपळ उडाली.

"मेजावर घ्या!" नबीलाल ओरडला.

"दूर! सरकारी कागजात हैं!" जलीलसाहेब दोन्ही हात पसरून आडवे झाले.

"मग काढा की कागद!"

"सही गीली है!"

पोर टाहो फोडत होतं, सत्यभामेच्या लुगड्यावरून धार चालली होती आणि गर्दी चारी बाजूंनी सल्ले देत होती. द्वारकाबाईंना ते सहन झालं नाही. "आण इकडं," म्हणून त्या लिंबाखाली मटकन भुईवर बसल्या, दोन्ही पाय लांब पसरले, नातवाला पायांवर आडवा घेतला. एका हातानं पाय वर, दुसऱ्या हातानं धडुतं बाजूला, पाण्याचा हबका, कोरडी घडी, गाठ. बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत सगळं झालं. गोरोबा हुंदका देऊन थांबला आणि आजीच्या पायांवरच झोपला.



"देखा?" जलीलसाहेब बलभीमला म्हणाले. "बच्चे को मेज की जरूरतच नहीं. माल जप्त."

"काय कंबर म्हनावं का कमान!" कस्तुराबाई गहिवरून म्हणाल्या. "विहीणबाई, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला बसता येत न्हाय. टेबल गेलं तर जाऊ द्या. घिऊन जावा माझी लेक. उठा, बोचकी चढवू गाडीत."

बलभीमला टेबलाचं दुःख उरलं नाही. त्याच्या कानात एकच शब्द घुमत होता, लेक. तो बैल जुंपायला वळला.

"बलभीमा," द्वारकाबाईंनी हळूच हाक मारली. "इकडं ये. जवळ ये. अजून जवळ. मला उठता येईना."

"आं?"

"वरडू नगंस. कंबर धरलीया. विहिणीला कळलं तर पोरगी पुन्हा घरात घालंल."

"उठा की वो," कस्तुराबाई म्हणाल्या.

"पोर झोपलंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "झोपमोड व्हायची."

"द्या माझ्याकडं, अलगद घेते."

"नको! नको! आत्ताच डोळा लागलाय."

बलभीमला घाम फुटला. आई उठली नाही, तर सत्यभामा हातची जाणार. टेबल तर आधीच गेलं होतं. कुणाकडं जावं ते न सुचून तो त्याच माणसाकडं गेला, ज्यानं ते घेतलं होतं. जलीलसाहेबांच्या कानाशी लागून त्यानं सगळं सांगितलं.

साहेबांनी मान वळवून द्वारकाबाईंकडं पाहिलं. भर उन्हात पाय पसरून बसलेली म्हातारी, ताठ मान, वरच्या ओठावर घामाचे थेंब आणि ओठांवर विहिणीसाठी राखलेलं हसू. "हमारी अम्मा भी ऐसेच बैठ गई थीं," ते पुटपुटले. "ईद के दिन. नमाज हो गई, लोगां घर गए, अम्मा वहींच."

मग त्यांनी घसा साफ केला आणि सरकारी आवाजात विचारलं, "मेज का मालिक कहाँ है?"

"हा काय, आजीच्या पायांवर," नबीलाल म्हणाला.

"मालिक सो रहा है. सोते मालिक को उठाना मना. मालिक मेज पर गया, तो मेज वापर में. वापर की चीज रोकने का हुकूम नहीं." त्यांनी दौत, शिक्का, किटली आणि पागोटं एकेक करून स्वतःच्या हातानं खाली उतरवलं. किटली उतरवताना हात जरासा थांबला. "मालिक जिसपर सोया है, उसके साथ उठाओ!"

कांद्याचे चार गाडीवान पुढं झाले. द्वारकाबाईंना बसल्या जागेवरून, पाय पसरलेल्या, नातू पायांवर, अशा जशाच्या तशा उचलून टेबलावर ठेवलं. मग सगळ्यांनी मिळून टेबल गाडीवर चढवलं. सुतारानं मारलेल्या पट्ट्यांमुळं म्हातारी घसरायची भीती नव्हती.

कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नातवाची झोप मोडू नये म्हणून जागची हलली न्हाय माउली! सत्यभामे, अशी सासू सात जन्मांत मिळायची न्हाय." बोचकी चढली, सत्यभामा चढली, बांबू वर गेला.

गाडीनं वळण ओलांडलं आणि बलभीमनं बायकोला खरं काय ते सांगितलं. मग सत्यभामा इतकी हसली, की बलभीमला कासरा ओढून गाडी थांबवावी लागली. द्वारकाबाईंना हसता येत नव्हतं, हसलं की कंबरेत कळ यायची.

तुळजापूरच्या रस्त्याला लागल्यावर समोरून देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्या बाया येऊ लागल्या. बैलगाडीत उंचावर पाय पसरून निश्चल बसलेली, मांडीशी लेकरू घेतलेली बाई पाहून त्यातल्या एकीनं हात जोडले. मग दुसरीनं जोडले. तिसरीनं चाकाजवळ नारळ ठेवला. द्वारकाबाई आधी ओशाळल्या, पण पुढच्या गावाची वेस येईपर्यंत आशीर्वादाला उजवा हात वर करू लागल्या.

संध्याकाळी मुक्कामावर तापल्या विटेनं शेकून कंबर सुटली. बलभीमनं आईला धरून खाली उतरवलं आणि टेबलावरची धूळ झटकली.

"आई, तू तर पायांवरच बदलतीस. घरी गेल्यावर हे मोडू आन् त्याचा पाळणा करू गोरोबाला."

द्वारकाबाईंनी एक हात कंबरेवर आणि एक हात टेबलाच्या पट्टीवर ठेवला.

"हात तर लावून बघ," त्या म्हणाल्या.