ढेकरबहाद्दरांची दवाखान्यावर स्वारी

श्रोतेजन हो, सतरंजीवर जरा पुढे सरकावे, चित्त एकवटावे. एका स्वारीची हकीकत जैसी घडली तैसी निवेदन करितो. पदरचा मीठमसाला घालीत नाही.

ऐसियास, निवृत्त हेडक्लार्क, अखंडतक्रारमंडित ढेकरबहाद्दर यांणी सोमवारी प्रातःकाळी फॅमिली डॉक्टरांवर मोहीम मुक्रर केली, आणि फायलींची पिशवी वाहावयास कुटुंबास संगे घेतले, आणि दार उघडण्यापूर्वीच बाकावर रुमाल टाकून पहिला नंबर काबीज केला. कुटुंबाचा नंबर लाविला नाही. तुझे काय ते माझ्यातच होऊन जाईल, ऐसा हुकूम जाहला. मग आत खुर्चीवर ठाण मांडून पाऊण घटका ढेकरांचे वर्णन चालविले: कोरडे किती, आंबट किती, उजव्या कुशीवरचे किती. मग बड्या तज्ज्ञांचे दाखले दिले, आणि आपण काय, सर्दीखोकल्याचे डॉक्टर, ऐसा टोमणाही नजर केला. डॉक्टर म्हणजे सबुरीचा मेरू. परंतु बाहेर वीस आजारी खोळंबले, सबब तेही घड्याळाकडे पाहू लागले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या कुटुंबाकडे एकदाही पाहते ना झाले. हा दोष बखरकार झाकीत नाही.

मग गोळ्या लिहून झाल्या, स्वारी उठली, आणि कुटुंबाने दाराच्या कडीस हात घातला, आणि मान खाली घालून ती बोलली, "जाता जाता एक... जिना चढले की छाती आवळते हो. डावा हात भरून येतो. आत्ता येतानाही झालं."

"अगं, गॅस असेल! माझं ऐकून ऐकून हिलाही होतं, डॉक्टर. चल."

रोगी खरे दुखणे कडीवर हात ठेवूनच बोलतो, हे डॉक्टरांस तीस वर्षांत पाठ होते. ते ताडकन उठले.

"काकू, इथे आडव्या व्हा. काका, तुम्ही बाहेर."

"अहो, पण नंबर माझा—"

"संपला तुमचा. काकू, किती दिवस होतंय हे?"

"झाले तीन आठवडे. म्हटलं, तुमचा वेळ कशाला घ्या?"

मग छातीस तारा लाविल्या, कागदावर हृदयाची कैफियत उमटली, आणि रुग्णवाहिकेस तातडीचे फर्मान सुटले. बहाद्दर बाकावर बसून सर्वांस सांगत होते की, वेळेवर मीच आणली.

इस्पितळी तुंबलेली रक्तवाहिनी खुली झाली आणि जीव वाचला. फत्ते त्या बाईची, आणि उशिरा का होईना, ऐकणाऱ्या कानांची. ऐसे दप्तरी लिहिले असे. ती माउली अद्याप खाटेवर आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा तिचे स्मरण असो द्यावे. स्वतःसाठी काही मागावे, ही तिला सवय नाही.