आत्याची तब्येत

जेवायला बसल्या बसल्या मधल्याच्या नोकरीचा विषय निघाला आणि ताटातलं निवून गेलं तरी संपला नाही.

घरात तीन भाऊ. थोरला शिष्यवृत्तीवर दूर शिकायला गेलेला, धाकटा अजून शाळेत, आणि हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. घरात सगळे त्याला मधला म्हणत आणि स्वभावानेही तो मधलाच होता. चहा हवा की कॉफी, असं विचारलं तर "जे केलं असेल ते" म्हणणारा. पण वडिलांची होणारी ओढाताण त्याला दिसत होती. पुढच्या वर्षीची फी आपली आपण भरायची, एवढं मात्र त्याने कुणी न सांगता मनाशी पक्कं केलं होतं. नोकरी करायची हे ठरलं. घोडं अडलं ते कधी करायची यावर.

वडील टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. एका तारेवर एका वेळी एकच बोलणं चालतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. कॉलेज चालू असताना कॉलेज. सुट्टी लागली की मग हवं तेवढं राब, असं त्यांचं म्हणणं. आई घरी शिवणकाम करायची. तिच्या मते रोज संध्याकाळी थोडं थोडं काम केलं की अंगवळणी पडतं. वर्षभर लोळलेला मुलगा सुट्टीत एकदम कामाला जुंपला तर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरेल.

दोघांनी मधल्याकडे पाहिलं. मधल्याने आधी वडिलांकडे पाहून मान डोलावली, मग आईकडे पाहून.

त्याचा परिणाम असा झाला की वडिलांनी ओळखीच्या बेकरीत सुट्टीतल्या कामाचा शब्द टाकला आणि आईने चौकातल्या लाँड्रीत संध्याकाळच्या कामाचा. दोन्हीकडून होकार आला. मधल्याला वाटलं, यात अडचण कसली? कॉलेज असेल तेव्हा लाँड्री, सुट्टीत बेकरी. जगाला न सुटलेलं कोडं आपण सोडवलं, अशा आनंदात तो दोन्हीकडे हो म्हणून आला.

लाँड्री त्याला मनापासून आवडली. दुकान अरुंद आणि लांबलचक. वर दांड्यांवर टांगलेले कोट, मागे वाफेची इस्त्री, आणि ओल्या कापडावर ती फिरली की येणारा तो गरम वास. पुढे आयुष्यभर कुठेही वाफ नाकात गेली की त्याला ते दुकान आठवायचं. लाँड्रीवाले काका फारसं बोलत नसत. कपडा हातात कसा घ्यायचा, कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने खूण कशी करायची, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. खुणेचा सराव मधल्याने स्वतःच्याच शर्टावर केला, तेव्हाही ते रागावले नाहीत. "तुझा शर्ट आता हरवायचा नाही," एवढंच म्हणाले.

सुट्टी जवळ आली तशी काकांची कळी खुलायला लागली. थंडीतल्या रजया, दुलया, लोकरीचे कोट, सगळं धुवायला येणार. "आता तू दिवसभर असशील म्हणजे मला घोर नाही," ते म्हणाले.

बेकरीचं सांगायला मधल्याने तोंड उघडलं, पण काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ते परत मिटलं. त्याचा उतरलेला चेहरा बघून बिचाऱ्या काकांनीच विचारलं, बाहेरगावी जायचंय का? मधल्याने मान डोलावली. कुणाकडे? आत्याकडे. काही विशेष? आता विशेष काय सांगणार? "तिला बरं नसतं," मधला पुटपुटला.

काका गंभीर झाले. नातेवाइकांना असं सांभाळणारी मुलं आता राहिली नाहीत, म्हणाले, आणि रजयांचं ते बघून घेतील असं सांगून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मधल्याला रात्रीपर्यंत जाणवत राहिला.

आत्या होती ठणठणीत आणि राहत होती मधल्याच्याच घरात. वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. आईवडिलांच्या आजारपणात तिची उमेदीची वर्षं गेली आणि नंतर ती भावाकडे आली. घरात तिला कामही कुणी सांगत नसे आणि तिचं मतही कुणी विचारत नसे. दुपारभर रेडिओ ऐकायची, बातम्यांना उलट उत्तरं द्यायची.

बेकरीत सुरुवात बरी झाली. काम मागच्या भट्टीजवळ होतं, तिथे कोण बघतंय? पण गल्ल्यावर बसणारा माणूस घसरून पडला, त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि बेकरीवाल्या बाईंनी मधल्याला पुढे आणून बसवलं. बाई अंगापिंडाने भक्कम आणि बोलायला त्याहून. त्यांच्यापुढे नाही म्हणणं थोरल्यालाही जमलं नसतं. मधल्याची काय कथा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी समोरून लाँड्रीवाले काका येताना दिसले. रोज पाव नेत होते ते, इथूनच. मधला काही विचार करायच्या आत खाली बसला, थेट काउंटरच्या आड. वर काकांनी पाव मागितला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नाइलाजाने मधल्याने खालूनच हात वर करून पाव काचेवर ठेवला. पैसे ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं दूर गेली.

मागच्या दारातून बाई हे सगळं बघत होत्या. "कोट पळवलास का त्यांचा?" त्यांनी विचारलं.

मधल्याने शपथेवर नाही म्हणून सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही, पण मुलगा कामाला चांगला होता, म्हणून त्यांनी विषय सोडला. पुढे हे रोजचंच झालं. त्यात काकांना हल्ली बोलायची हौस लागली होती. पाव घेऊन निघतील तर शपथ. काउंटरला टेकून बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, बिस्किटं ताजी आहेत का विचारायचे, मग केक कसा करतात ते विचारायचे. खाली मधल्याच्या पायाला मुंग्या यायच्या. एवढा अबोल माणूस अचानक असा का सुटला, हे काही त्याच्या लक्षात येईना.

त्याचं कारण वेगळंच होतं. गल्ल्यावर बसायच्या आदल्या दिवशी बाईंनी मागच्या खुंट्यांवरचे सगळे मळके एप्रन एका गाठोड्यात बांधून लाँड्रीत पाठवले. भट्टीजवळ उकडतं म्हणून मधल्याने शर्ट काढून त्याच खुंटीवर टांगला होता. तोही गेला. मधला त्या संध्याकाळी बनियनवर घरी आला आणि आईला शर्ट भट्टीत जळाला असं सांगून मोकळा झाला.

लाँड्रीत काकांना गाठोड्यात तो शर्ट सापडला. कॉलरमध्ये शाईची खूण, तीही मधल्याच्याच हातची. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. काका पडले आपल्या अंगावर घेणारे. मागच्या खेपेला आपल्याच हातून मुलाचा शर्ट बेकरीच्या कपड्यांत गेला असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली, आणि भट्टी गरम व्हायच्या वेळी, म्हणजे मधला कामावर निघाल्यावर थोड्याच वेळात, इस्त्री केलेला शर्ट घेऊन ते घरच्यांची माफी मागायला हजर झाले.

आई कापड आणायला बाहेर गेली होती. दार आत्याने उघडलं.

काकांनी आपली ओळख सांगितली, शर्ट दिला, दिलगिरी व्यक्त केली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "मुलाच्या आत्याबाईंची तब्येत कशी आहे?"

"कोणाच्या?"

"त्याच्या आत्याबाईंची. तो गेलाय ना त्यांची सेवा करायला."

एवढ्या वर्षांत आत्याच्या तब्येतीची चौकशी करायला दारात कुणी आलं नव्हतं. "मीच ती," ती म्हणाली. "आता बरी आहे. मला इथेच आणलंय. तो सामान आवरायला मागे राहिलाय."

मग चहा झाला. चहा पिताना काकांनी रजयांच्या ढिगाचं गाऱ्हाणं सांगितलं. एकट्याने उरकत नाही, गिऱ्हाइकं बोलून जातात. आत्याने कप खाली ठेवला आणि मी येऊ का म्हणून विचारलं. काका गडबडले. त्यांच्या मते तिने आराम करायला हवा होता. पण डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय, असं आत्याने ठासून सांगितल्यावर त्यांचा इलाज चालेना.

त्या संध्याकाळी आत्याने मधल्याला बाजूला घेऊन त्याच्या आजारी आत्याची सगळी हकीकत ऐकवली. मधल्याची पाचावर धारण बसली. त्याने तिचे पाय धरले, जाऊ नकोस म्हणून विनवलं. "मला आजारी पाडताना विचारलं होतंस का?" आत्या म्हणाली. वडिलांनी भुवया चढवल्या. ही नोकरी अर्धवेळ की सुट्टीपुरती, एवढं तरी सांग म्हणाले. ते बघू, म्हणून आत्या चप्पल शोधायला लागली.

सुट्टी संपेपर्यंत मधल्याची झोप उडाली होती. दिवसा काउंटरखाली बसायचं आणि संध्याकाळी आत्याच्या तोंडून काकांचे गुण ऐकायचे. शेवटी कॉलेज उघडायच्या आधी त्याने ठरवलं, जाऊन सरळ कबूल करायचं. हाकललं तर हाकललं.

तो लाँड्रीत शिरला तेव्हा आत्या पुढे बसून कपडे घेत होती आणि काका मागे इस्त्री करत होते. मधल्याने मान खाली घालून सुरुवात केली. बेकरी, वडिलांचा शब्द, आत्याचा आजार, सगळं एका दमात. काकांनी इस्त्री बाजूला उभी केली.

"हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझ्या आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, कोमट पाणी दिलं, तर त्यांना खोटं झेपेना."

मधल्याने आत्याकडे पाहिलं. ती बटणं तपासत होती.

"मग तुम्ही रोज बेकरीत..."

"पाव घ्यायला येत होतो."

"एवढा वेळ?"

"तुला खाली किती वेळ बसवतं ते बघत होतो," काका म्हणाले, आणि तो अबोल माणूस असा हसायला लागला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आत्याही हसली. तिचं असं मोकळं हसणं मधल्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यापुढे आपली फजिती काहीच नाही, असं त्याला वाटून गेलं.

मग त्याने हळूच विचारलं, उद्यापासून संध्याकाळी येऊ का? काका हसायचे थांबले आणि आत्याकडे बघू लागले.

"जागा एकच आहे," आत्या म्हणाली. "तू अभ्यास कर. फीचं मी बघते."

मधला नको नको म्हणाला, पण त्याच्या नको म्हणण्याला घरात कधी किंमत नव्हती, ती आता लाँड्रीतही उरली नाही. ती फी आत्यानेच भरली. पुढची सगळी वर्षं तो फक्त सुट्टीत बेकरीत राबला, म्हणून आपलंच खरं झालं असं वडील मानत राहिले. घरातलं कुणीतरी रोज संध्याकाळी काम करून शिस्तीत राहतंय, म्हणून आईही तेच मानत राहिली. आत्या त्या दुकानात केस पांढरे होईपर्यंत बसली.

कबुलीच्या त्या दिवशी मात्र ती दुकान बंद झाल्यावर मधल्याबरोबर चालत घरी निघाली. तिची पिशवी त्याने हातात घेतली होती. रस्त्यात जो तो थांबून तिची विचारपूस करत होता. कुणी कोट कधी मिळेल विचारत होतं, कुणी मुलीच्या परीक्षेचं सांगत होतं. इतकी वर्षं त्याच गल्लीत राहूनही मधल्याला त्यातलं कुणी ओळखत नव्हतं.

"हा कोण बरोबर?" एका बाईंनी विचारलं.

"माझा भाचा," आत्या म्हणाली. "पाव चांगला देतो. फक्त दिसत नाही."