पूजलेला हेडसेट

टेलिफोनवर बोलावं तर आम्हीच! हे मी म्हणत नाही, आमची भोसरीची अख्खी कंपनी म्हणायची. म्हणजे मी म्हणायचो, आणि कंपनी नाही म्हणत नसे. म्हणून ऑपरेटर इंदुताई लग्न ठरून साताऱ्याला निघाल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर मीच बसणार, हे मी परस्पर जाहीर करून टाकलं. इतकी वर्षं टेम्पररीत काढली होती. आताही कायम झालो नसतो, तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती!

कायम करणारे मोठे साहेब मुंबईच्या ऑफिसात. त्यांचा निरोप आला, "खंडेनवमीला सकाळी फोन करतो. आवाज ऐकून ठरवीन."

इंदुताईंनी हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. "दोन्ही हात मोकळे राहतात, बघा. एकानं बोर्डावर वायर खोचायची, दुसऱ्यानं नंबर लिहायचा. आणि ओरडायचं नाही हं! तोंडाशी ही डबी आहे ना, तिच्यात कोळशाची भुकटी असते. हळू बोललेलंही पार मुंबईला पोचतं."

"ताई, मला काय शिकवता!"

खंडेनवमी उजाडली. खाली शॉपमध्ये लेथला हार, ड्रिलपुढे नारळ. मग आमचं हत्यार का मागं राहावं? मी हेडसेट पाटावर मांडला, फुलं वाहिली आणि ज्या डबीवर माझी नोकरी अवलंबून होती, तिला तर ओल्या कुंकवाचा सढळ हातानं लेप दिला. इंदुताई प्रसादाला खाली गेल्या, आणि फोन आला!

मी हेडसेटकडे झेपावलो, तर शिपाई कोंडाजी आडवे!

"अर्जुनराव, हात लावू नगा! पुजलेलं हत्यार उद्यापातुर उचलायचं न्हाई!"

"अहो, मोठ्या साहेबांचा फोन आहे!"

"मंग? देवीपेक्षा मोठं हायेत व्हय?"

थोडी ओढाताण झाली. शेवटी फुलांसकट हेडसेट मी डोक्यावर चढवला.

"हॅलो?" साहेब.

"नमस्कार साहेब! अर्जुन बोलतोय." आवाजात नुसता मध!

"हॅलो? आहे का कुणी तिथं?"

"आहे साहेब! मीच!"

"हॅलो! झोपलाय की काय बेटा?"

मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, त्यांना माझं काहीच नाही! कुंकवानं डबीची भोकं लिंपून टाकली होती, पण हे तेव्हा कुठं कळायला! मग मात्र मी जो ओरडलो, तो थेट शॉपपर्यंत ऐकू गेला. खालून माणसं जिना चढून धावत आली. दोघांच्या हातात स्ट्रेचर!

"कुणाचा हात सापडला मशीनमध्ये?"

"कुणाचा नाही! साहेबांना ऐकू येत नाहीये!"

"अरेरे! कधीपासून?"

तेवढ्यात कानात साहेब शेजारच्या कुणाला तरी सांगत होते, "असला मुका माणूस ऑपरेटर नेमताय? कॅन्सल करा!"

माझं डोकंच फिरलं. हेडसेट ओरबाडून काढला आणि टेबलावर दणादणा आपटला. वाळलेल्या कुंकवाच्या खपल्या उडाल्या.

"मी इथं घसा फोडतोय, आणि तो म्हातारा ठार बहिरा!" मी कोंडाजींवर खेकसलो.

हातातल्या हेडसेटमधून बारीक आवाज आला, "आता ऐकू आलं."

पाचावर धारण बसली! हेडसेट पुन्हा चढवला. "साहेब... ते... देवीची पूजा..."

"आवाज खणखणीत आहे. कायम करतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं!

"टेलिफोनवर नाही पण. असल्या आवाजाला टेलिफोन कशाला हवा?"

तेव्हापासून मी गेटवर असतो. शिफ्ट सुटली की "निगडी! देहूरोड! चाकण!" असं ओरडून माणसं आपापल्या बसमध्ये चढवतो. बायकोला वाटतं, मी टेलिफोनवरच आहे. फक्त नवऱ्याचा घसा रोज संध्याकाळी का बसतो, एवढं तिला अजून कळलेलं नाही!